रिठ्याचा फेस जातो कोठें?

बुलढाणे जिल्ह्यांत, घाटाच्या पायथ्याशीं, मोताळे तालुक्यांत रोहिणखेड नांवाचें एक गांव आहे. इतिहासाच्या पुस्तकांत या गांवाचें नांव दोन लढायांमुळें राहिलें आहे. पहिली १४३७ सालची. तींत बहामनी सुलतानाचा सेनापति खलफ हसन यानें वऱ्हाडावर चालून आलेल्या खानदेशच्या नासिरखान फारुकीचा मोड केला. दुसरी सोळाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांतील. तींत अहमदनगरच्या गादीवर हक्क सांगणाऱ्या बुऱ्हाण निजामशहानें जमालखानाचा पराभव केला आणि जमालखान रणांत पडला. याच जमालखानाच्या पक्षाच्या खुदावंदखान महदवीनें १५८२ सालीं बांधलेली लहानशी पण देखणी मशीद ही त्या गांवाची दुसरी ओळख.

जमालखान पडला त्याच दशकांत तिकडे उत्तरेंत अबुल फजल हा ‘ऐन-इ-अकबरी’ सिद्ध करीत होता. वऱ्हाड सुभ्याचें वर्णन करतांना त्यानें याच जिल्ह्यांतील लोणारच्या सरोवराचा उल्लेख केला आहे. कांच व साबण करण्यास लागणारे जिन्नस तेथें मिळतात आणि तेथील सोऱ्यापासून सरकारास चांगलें उत्पन्न येतें, अशी नोंद त्यानें केली आहे. आम्ही शाळामास्तर मंडळी लढायांचीं सालें मुलांकडून घोकून घेतों; साबणाची ही नोंद मात्र सहसा कोणी वाचून दाखवीत नाहीं. वस्तुतः लढाई एका दिवसांत आटोपली. मळलेलें वस्त्र धुण्याचें काम त्या दिवशींहि चाललें होतें, आणि त्यानंतर आजपर्यंत एक दिवसहि थांबलेलें नाहीं.

आजच्या भाषणांत मी याच उपेक्षित इतिहासाचें एक पान आपणांपुढें उघडणार आहें. धुण्याचा फेस आपण पाण्यांत सोडतों. तो पुढें कोठें जातो? त्याला खाऊन टाकणारा कोणी आहे काय? असल्यास त्याला शोधून काढण्याची विद्या मनुष्यास कशी साधली? प्रश्न साधा दिसतो, पण त्याच्या उत्तरावर आपल्या नद्यांचें बरेंवाईट अवलंबून आहे.

साबणाची वडी दुकानांत मिळूं लागण्यापूर्वीं आपल्या घरांत धुण्याचीं तीन साधनें होतीं : वनस्पतींचा फेस, राख किंवा खार, आणि माती. सोनार दागिने उजळण्यास रिठ्याचें पाणी घेत. रेशमी व लोकरी वस्त्रें रिठ्यांतच धुवावीं असा सुगृहिणींचा दंडक होता. केंसांना शिकेकाई. आमच्या वऱ्हाड-खानदेशाकडील रानांत हिंगणबेटाचें कांटेरी झाड होतें. त्याच्या फळाचा गर पाण्यांत चोळला म्हणजे त्यालाहि फेस येतो आणि गरीबगुरिबांचें धुणें त्यावर निघत असे. परीट मात्र भट्टीसाठीं खार वापरीत. लोणारच्या तळ्याचें पाणी उन्हाळ्यांत आटलें म्हणजे कांठावर जो क्षार बसे, त्याला प्रतवारीप्रमाणें दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशीं निरनिराळीं नांवें होतीं. इंग्रजी अमदानींत भूगर्भ-सर्वेक्षण खात्यानेंहि या क्षाराचें पृथक्करण करून पाहिलें होतें.

येथें एक भेद ध्यानांत घेतला पाहिजे. खार स्वतः फेस करीत नाहीं. तेलाशीं किंवा चरबीशीं त्याचा संयोग झाला म्हणजे साबण होतो, आणि फेस त्या साबणाचा. रिठा व शिकेकाई यांना तेलाची गरज नाहीं. त्यांच्यांत निसर्गानेंच फेसाचें द्रव्य तयार करून ठेवलें आहे. त्याला ‘सॅपोनिन’ म्हणतात. या जातीच्या सर्व द्रव्यांना शास्त्रज्ञ ‘पृष्ठक्रियाकारी द्रव्यें’ असें भारदस्त नांव देतात. आपण त्यांना फेसद्रव्यें म्हणूं.

फेसद्रव्याच्या प्रत्येक कणाला दोन टोकें असतात. एका टोकाची पाण्याशीं मैत्री, दुसऱ्याची तेलाशीं. तेलकट मळ कपड्याला धरून बसलेला असतो. पाण्याशीं त्याचें सख्य नाहीं. अशा वेळीं फेसद्रव्याचा कण मध्यस्थासारखा एक हात मळाच्या हातांत व दुसरा पाण्याच्या हातांत देतो आणि मळ पाण्याबरोबर निघून जातो. रिठ्याच्या कणांत पाण्याकडील टोक साखरेच्या कड्यांचें बनलेलें असतें, आणि तेलाकडील टोक एका घट्ट, चरबीसारख्या गाभ्याचें. साबणाच्या कणांत तेलाकडील टोक म्हणजे कार्बनच्या अणूंची एक लांब सरळ सांखळी. ही सांखळी पुढें आपल्याला पुन्हां भेटणार आहे.

झाडानें रिठ्याचा फेस कांहीं आपलीं वस्त्रें धुण्यासाठीं केलेला नाहीं. तो झाडाचा बंदोबस्त आहे. बुरशी, कीड, कुरतडणारे प्राणी यांपासून वनस्पति अशा द्रव्यांनीं आपला बचाव करतात. सॅपोनिन जिवंत पेशींच्या पातळ आवरणांत शिरून त्याला भोकें पाडतें. कल्ल्यांवाटे श्वास घेणाऱ्या माशांना तर तें फार बाधतें. डोहांत अशीं फळें ठेंचून टाकून मासे गुंगवून धरण्याची रीत रानावनांतील लोकांना फार पूर्वींपासून ठाऊक आहे. तेव्हां जें झाडापासून आलें तें निरुपद्रवी असलेंच पाहिजे, ही समजूत बरोबर नाहीं. रिठाहि डोहाला विष होऊं शकतो.

परंतु यांतच एक मौज आहे. गुंगवलेल्या डोहांत कांहीं काळानें पुन्हां मासे पोहूं लागतात. शेकडों वर्षें ज्या घाटांवर रिठा, शिकेकाई आणि साबण यांचें पाणी वाहिलें, तेथें फेसाचे ढीग साठलेले कोणीं पाहिले नाहींत. पाण्याबरोबर फेस पुढें वाहून गेला हें उत्तर अपुरें आहे, कारण पुढच्या गांवालाहि घाट होता, आणि त्याच्या पुढच्यालाहि. फेसाचा कोणीतरी फडशा पाडीत होतें खास. तें कोण, हें कळण्यास मात्र एकोणिसावें शतक उजाडावें लागलें.

फ्रान्समध्यें लुई पाश्चर यांनीं आंबणें व कुजणें हें सूक्ष्म जीवांचें काम आहे असें दाखवून दिलें. जर्मनींत रॉबर्ट कॉख यांनीं एकेका जातीचा जंतु वेगळा वाढविण्याची रीत बसविली. या रीतींत एका गृहिणीचा वाटा आहे, तो सांगण्याचा मोह आवरत नाहीं. कॉख यांच्या प्रयोगशाळेंत जंतु वाढविण्यास जिलेटिनचा थर वापरीत. तो उन्हाळ्यांत पातळ होई, आणि कांहीं जंतु तर तोच खाऊन टाकीत. तेथें काम करणाऱ्या वाल्टर हेसे यांच्या पत्नी फॅनी हेसे यांनीं १८८१-८२ च्या सुमारास सुचविलें कीं, स्वयंपाकांत मुरांबे व जेली घट्ट करण्यास समुद्र-शेवाळापासून केलेला ‘आगर’ वापरतात, तो घेऊन पाहावा. आपल्याकडे ज्याला चायना ग्रास म्हणतात, तोच हा पदार्थ. जगांतील प्रत्येक जंतुशाळा आज या सूचनेवर चालली आहे.

पण मातींत जंतु एक नव्हे, असंख्य जातींचे असतात. त्यांतून आपल्याला हवा तोच नेमका कसा काढावा? ही युक्ति रशियन शास्त्रज्ञ सर्गेइ विनोग्राड्स्की आणि हॉलंडांतील डेल्फ्टचे मार्टिनस बायजेरिंक या दोघांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्याच्या आरंभीं पक्की केली. ती अशी कीं, तुम्हीं जंतु शोधीत बसूं नका. त्याला आवडेल असें एकच अन्न मांडा, तो आपण होऊन पुढें येईल. शंभर पाहुण्यांच्या पंगतींत केवळ कारल्याची भाजी वाढली, तर अखेरपर्यंत पानावर कोण बसून राहील? ज्याला कारलें पचतें तोच. या पद्धतीला आपण निवड-संवर्धन म्हणूं.

रिठ्याचा फेस खाणारा जंतु शोधावयाचा तर काम असें चालतें. रिठ्याच्या झाडाखालची, जेथें वर्षानुवर्षें फळें पडून कुजलीं आहेत अशी, चिमूटभर माती घ्यावी. किंवा धुण्याच्या घाटावरचा गाळ घ्यावा. कांचेच्या चंबूंत पाणी घेऊन त्यांत नत्र, स्फुरद, पालाश इत्यादि क्षार घालावे. परंतु कार्बन पुरविणारें अन्न म्हणून शुद्ध सॅपोनिन तेवढें घालावें, आणि तेंहि प्रथम थोडें, कारण पुष्कळ जंतूंना तें बाधतें. मग ती माती त्यांत टाकून चंबू हलता ठेवावा, म्हणजे आंत हवा खेळती राहते. कांहीं दिवसांनीं पाणी गढूळ झालें तर कोणीतरी जेवूं लागला असें समजावें. त्यांतला थेंब दुसऱ्या तशाच चंबूंत, दुसऱ्यांतला तिसऱ्यांत, असें चारपांच वेळां केलें म्हणजे मातींतील इतर अन्न मागें राहतें आणि केवळ सॅपोनिनवर जगणारे तेवढे उरतात. शेवटीं तें पाणी आगराच्या बशीवर पसरावें. जे ठिपके उगवतील त्यांतील प्रत्येक ठिपका म्हणजे एकाच जंतूची प्रजा.

आतां परीक्षा. चंबूंतील पाणी नळींत घालून ठराविक वेळ हलवावें आणि फेसाची उंची मोजावी. जंतु घातलेल्या नळींत उंची दिवसेंदिवस कमी होत गेली, आणि जंतु न घातलेल्या नळींत ती तशीच राहिली, तर श्रेय जंतूंचें. दुसरी नळी ठेवल्याशिवाय हा निर्णय देतां येत नाहीं. फेस आपोआपहि मोडूं शकतो, आणि जंतूला नसतें श्रेय जाऊं शकतें.

या कामांत दोन फसवे खड्डे आहेत. पहिला असा : बाजारांतील रिठ्याची पूड तशीच वापरली तर तिच्यांत गराची मोकळी साखर असते. साखर खाणारे जंतु तर गल्लोगल्लीं मिळतात. ते पोटभर साखर खाऊन माजतात, पाणी गढूळ होतें, आणि पाहणाऱ्याला वाटतें कीं, सॅपोनिन खाणारा सांपडला. म्हणून द्रव्य शुद्ध पाहिजे. दुसरा खड्डा अधिक खोल आहे. सॅपोनिनच्या कणाची साखरेची कडी तोडली कीं त्याचें पाण्याशीं असलेलें सख्य संपतें आणि फेस नाहींसा होतो. पण चरबीसारखा गाभा अजून शिल्लकच असतो. फेस गेला म्हणजे द्रव्य गेलें असें नव्हे. तें अखेरपर्यंत खाल्लें गेलें कीं नाहीं, हें पाहण्यास त्यापासून निघणारा कार्बन डायऑक्साइड वायु मोजावा लागतो. साखरेचा तुकडा तोडून पळणारे बरेच. गाभा पचविणारे थोडे. बहुधा एकाचें उष्टें दुसरा खातो आणि सगळी पंगत मिळून पान साफ करते.

या वाटेनें जगांत काय काय सांपडलें, त्यांतील तीन गोष्टी सांगतों. ओट या धान्याच्या मुळांत एक सॅपोनिन असतें. त्यामुळें गव्हाच्या मुळांना लागणारी एक बुरशी ओटला लागत नाहीं. परंतु त्याच बुरशीची एक जात ओटला लागते. कां? तिच्यापाशीं त्या सॅपोनिनची साखर तोडणारें एन्झाइम, म्हणजे पाचकरस, आहे. १९९५ सालीं इंग्लंडांतील संशोधकांनीं तिच्यांतील तें एन्झाइम बनविण्याची शक्ति काढून टाकली. तेव्हां ती बुरशी ओटपुढें हतबल झाली, गव्हाला मात्र पूर्वींप्रमाणेंच लागली. बुरशी ही जंतूंहून निराळी. पण फेसद्रव्य मोडण्याची कला म्हणजे तिच्या दृष्टीनें परकोटाच्या दरवाज्याची किल्ली होती, हें त्यावरून सिद्ध झालें.

दुसरी गोष्ट जपानची. टोमॅटोच्या मुळांतून टोमॅटिन नांवाचें असेंच एक विषारी सॅपोनिन मातींत झिरपतें. क्योटो विद्यापीठाच्या संशोधकांनीं टोमॅटोच्या मुळांभोंवतीं राहणारा स्फिंगोबियम जातीचा जंतु वेगळा काढला. तो टोमॅटिनची साखर तोडतो आणि गाभ्यालाहि हात घालतो. त्यासाठीं लागणारीं जनुकें कोणतीं, तेंहि त्यांनीं २०२३ सालीं प्रसिद्ध केलें. जें विष इतरांना दूर ठेवतें, तेंच या जंतूचें अन्न आहे.

तिसरी गोष्ट वनस्पतींची नव्हे, प्राण्यांची. आपल्या यकृतांत तयार होणारे पित्तक्षार हेहि फेसद्रव्यच आहेत. आपण खाल्लेलें तूप-तेल ते आंतड्यांत साबणासारखे फोडतात. ते शेणामलांतून जमिनींत जातात. या शतकाच्या पहिल्या दशकांत जर्मन संशोधकांनीं मातींतून स्यूडोमोनास जातीचा एक जंतु काढला. तो केवळ पित्तक्षारावर जगूं शकतो. निसर्गानें जेथें जेथें फेस निर्माण केला, तेथें तेथें त्याचा खाणाराहि लाखों वर्षांच्या सहवासानें तयार झाला.

मग विसाव्या शतकांत मनुष्यानें स्वतःचा फेस निर्माण केला. पहिल्या महायुद्धांत जर्मनींत चरबीची टंचाई पडली. तेव्हां चरबीवांचून धुण्याचें द्रव्य तयार करण्याचे प्रयत्न सुरू झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर खनिज तेलापासून केलेल्या धुण्याच्या पुडी युरोप-अमेरिकेंत घरोघर गेल्या. त्यांचा गुण मोठा होता. जड पाण्यांत साबणाचा साका बसतो, तसा त्यांचा बसत नाहीं. आमच्या काळ्या मातींतील विहिरींचें पाणी ज्यांनीं वापरलें आहे त्यांना या गुणाची किंमत सांगावयास नको. परंतु थोड्याच वर्षांत नद्यांवर फेसाचे डोंगर दिसूं लागले. सांडपाणी शुद्ध करणाऱ्या कारखान्यांच्या टांक्यांतून फेस उतूं जाऊं लागला. कित्येक ठिकाणीं घरच्या नळाच्या पाण्यालाहि फेस येई.

याचें कारण समजण्यास एक जुना शोध उपयोगी पडला. १९०४ सालीं फ्रान्झ नूप या जर्मन शास्त्रज्ञानें दाखविलें होतें कीं, शरीरांत चरबीची सांखळी एका टोकाकडून दोन दोन कार्बनचे तुकडे तोडीत पचविली जाते. उंसाचें कांडें आपण पेर पेर तोडून खातों तसें. जंतूंचीहि रीत हीच. साबणाची सांखळी सरळ, म्हणून तिचा फडशा लवकर पडतो. १९५० नंतरच्या पुडींतील द्रव्याच्या सांखळीला मात्र जागोजाग फांद्या फुटलेल्या होत्या. फांदी आली कीं तोडण्याचें काम अडे, आणि जंतु तें पान तसेंच टाकून उठत. अशी सांखळी त्यांच्या पूर्वजांनीं फारशी पाहिलेलीच नव्हती.

यावर उपाय काय? अधिक बळकट जंतु शोधणें हा एक मार्ग होता. पण सरळ मार्ग असा ठरला कीं, जंतूला जें खातां येतें तेंच त्याला वाढावें. पश्चिम जर्मनीनें १९६१ सालीं कायदा केला आणि १९६४ पासून पुरेशा प्रमाणांत न कुजणारीं धुण्याचीं द्रव्यें विकण्यास बंदी झाली. अमेरिकेंतील कारखानदारांनीं १९६५ पर्यंत फांद्यांच्या सांखळीच्या जागीं सरळ सांखळी आणली. फेसाचे डोंगर ओसरले. कारखानदारीच्या इतिहासांत मनुष्यानें डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवाची भूक पाहून आपला माल बदलला, असे प्रसंग थोडे आहेत. त्यांतला हा एक ठळक आहे.

हिंदुस्थानांत सर्फची पूड १९५९ सालीं आली, आणि १९६९ सालीं अहमदाबादच्या करसनभाई पटेलांनीं निरमा काढून ती चाल स्वस्तांत खेड्यापाड्यांत नेली. रिठा काष्ठौषधींच्या दुकानांत गेला आणि हिंगणबेट रानांतच राहिलें. यांत हळहळण्यासारखें सर्वच आहे असें नव्हे. बायकांच्या हातांचे व पाठीचे कष्ट त्यानें कमी केले. पण मग, सरळ सांखळी आली असतांहि, आळंदीस इंद्रायणीच्या पात्रावर गेल्या कांहीं वर्षांत पांढऱ्या फेसाचे थर पुनःपुन्हां कां दिसले? ज्या पाण्यांत वारकरी श्रद्धेनें स्नान करतात, त्या पाण्यावर हा फेस तरंगतांना महाराष्ट्रानें पाहिला आहे. कारखान्यांचें व शहरांचें सांडपाणी शुद्ध न करतां नदींत सोडलें जातें, हें त्याचें मूळ. खाणारे जंतु नदींत आहेतच. परंतु त्यांना वेळ लागतो, आणि पाण्यांत विरघळलेला प्राणवायु लागतो. मैला, साबण व रसायनें एकदमच लोटलीं म्हणजे तो प्राणवायु संपतो, आणि पंगत बसण्यापूर्वींच पाहुण्यांचा श्वास कोंडतो. म्हणून केवळ रिठ्याकडे परत जाऊन नदी वांचेल, हें खरें नाहीं. लाखो माणसांनीं रिठाच नदींत ओतला तरी नदी गुदमरेल. काय टाकलें याबरोबरच किती टाकलें आणि कोठें टाकलें, हेंहि पाहिलें पाहिजे.

आतां पुन्हां आपल्या जिल्ह्याकडे, लोणारकडे वळूं. अबुल फजलनें साबणाचे जिन्नस जेथें नोंदविले, तें सरोवर म्हणजे काळ्या पाषाणांत उल्कापातानें पडलेलें सुमारें पावणेदोन किलोमीटर व्यासाचें विवर आहे. तेथील खडकाच्या परीक्षेवरून हें १९७३ सालीं निश्चित झालें. त्याचें पाणी क्षारानें इतकें तिखट कीं, क्षारता मोजण्याच्या ज्या मापावर शुद्ध पाणी ७ भरतें, त्यावर हें १०.५ भरत असे. तें माप साबणाच्या पाण्याच्या जवळचें आहे. अशा पाण्यांत काय जगणार, असें कोणालाहि वाटेल. पण पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं जानेवारी २००२ मध्यें तेथील पाणी व गाळ नेऊन, मीं वर सांगितलेल्या निवड-संवर्धनाच्याच रीतीनें, निरनिराळीं अन्नें मांडून पाहिलीं. १९६ जंतु-वाण हातीं आले. त्यांतील ६४ निवडून बारकाईनें तपासले. कोणी पिष्ट पचविणारे, कोणी प्रथिन, कोणी चरबी पचविणारे निघाले. हें काम २००८ सालीं प्रसिद्ध झालें. याच संस्थेनें त्यापूर्वींच, १९९९ च्या सुमारास, लोणारचे कांहीं जंतु फिनॉलसारखें जहाल द्रव्य क्षारयुक्त पाण्यांत मोडूं शकतात असें दाखविलें होतें.

याचा धुण्याशीं संबंध काय? आज धुण्याच्या पुडींत डाग खाणारीं एन्झाइमें घालतात. साबणाच्या क्षारांत तीं टिकावीं लागतात. म्हणून तीं अशाच क्षारप्रिय जंतूंच्या जातींपासून मिळवितात. आणि धुलाईच्या कारखान्याचें क्षारयुक्त सांडपाणी ज्यांना शुद्ध करावयाचें आहे, त्यांनाहि साध्या ओढ्यांतील जंतूंपेक्षां लोणारसारख्या ठिकाणचे जंतु अधिक उपयोगी पडण्याचा संभव आहे. साबणाचा कच्चा माल देणारें तळें साबणाचा मळ काढणारे मजूरहि बाळगून आहे, असा हा योग.

पण या तळ्यालाच धोका आहे. लोणार हें भारतीय भूगर्भ-सर्वेक्षणानें घोषित केलेलें राष्ट्रीय भूशास्त्रीय स्मारक आहे. त्याच्या परिसरास २००० सालीं अभयारण्याचा दर्जा मिळाला. आणि २०२० सालीं तें रामसर करारान्वयें आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ स्थळांच्या यादींत गेलें. त्याच वर्षीं जून महिन्यांत सर्व पाणी गुलाबी झालें आणि जगाचें लक्ष तिकडे वेधलें. क्षारप्रिय सूक्ष्मजीवांचा तो रंग होता, आणि पुढें पावसानें तो ओसरला. या मानसन्मानाबरोबरच वस्तीचें सांडपाणी व धुण्याचें पाणी विवरांत उतरतें, ही तक्रारहि जुनी आहे. तेथें गोडें पाणी आणि मैला वाढत गेला तर क्षारता उतरते. मग क्षारांतच जगणारे जीव मागें पडतात व सामान्य गटारींतले जीव त्यांची जागा घेतात. हजारों वर्षांत जमलेलें हें ग्रंथालय आपण वाचण्यापूर्वींच साबणाच्या पाण्यानें पुसून टाकीत आहोंत, असें म्हटलें तर अतिशयोक्ति होणार नाहीं.

श्रोतेहो, कपड्याचा मळ साबण काढतो. पण साबणाचा मळ कोण काढतो, हा प्रश्न आपण फारसा विचारला नाहीं, कारण तें काम बिनबोभाट होत होतें. तें करणाऱ्यांना नांव नव्हतें, वेतन नव्हतें. त्यांच्याकडे लक्ष गेलें तें त्यांना न पचणारा घांस आपण त्यांच्यापुढें टाकला तेव्हां. या इतिहासापासून घरच्या माणसांनीं घ्यावयाचे धडे तीन आहेत. पूड मापानें वापरावी; फेस अधिक म्हणजे धुणें अधिक स्वच्छ, ही कल्पना सोडावी. धुण्याचें पाणी विहीर, ओढा व तळें यांत थेट जाऊं देऊं नये. जमिनींत मुरण्यास वाट द्यावी, कारण मातींत खाणारे पुष्कळ आणि हवाहि खेळती. आणि आपल्या नगरपालिकेस कर देतांना, गांवचें सांडपाणी शुद्ध होतें कीं नाहीं, हें विचारावें. तो प्रश्न विचारण्याचा अधिकार कराच्या पावतीबरोबरच मिळालेला आहे.

आणि घरांत विज्ञान शिकणारा मुलगा किंवा मुलगी असेल, तर तिला जवळच्या रिठ्याच्या झाडाखालची माती दाखवावी. एक नळी त्या मातीची, एक उकळून थंड केलेल्या मातीची. दोन्हींत सारखेंच रिठ्याचें पाणी घालून रोज फेसाची उंची वहींत लिहावी. घरच्या रिठ्यांत मोकळी साखर असतेच, तेव्हां यांतून जंतूची जात ठरणार नाहीं. पण एका नळींत फेस रोज थोडा थोडा खालीं उतरतांना पाहिला, कीं माती ही निर्जीव धूळ नव्हे, हें त्या मुलाला कोणी पाठ करवून घ्यावें लागणार नाहीं.